पाच मल्टीटूल आणि वाटीभर कुंकू

खिशात मावणाऱ्या मल्टीटूलची पारख मला बऱ्यापैकी जमते. पक्कड मिटवून उजेडासमोर धरायची. दोन्ही जबड्यांमधली फट सरळ दिसली तर ठीक. तिरकी दिसली तर ती पक्कड पहिल्याच गंजलेल्या नटाला पीळ खाणार. सांधे स्क्रूचे असतील तर ढिले झाल्यावर घट्ट करता येतात, रिव्हेटचे असतील तर नाही. कात्री असेल तर तिची स्प्रिंग सगळ्यात आधी जाते. पातं स्टेनलेस आहे की नाही ते खताच्या पाण्यात एक हंगाम काढल्यावर कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं लॉक. पातं पूर्ण उघडलं की दांड्यातली एक पातळ पोलादी पट्टी सरकून पात्याच्या टाचेखाली येते आणि पात्याला मिटू देत नाही. ती पट्टी टाचेखाली पुरती बसते की कडेला नुसती टेकते, हे आधी बघावं. बाकीचं नंतर.

हे मी आज लोकांना सांगतो. पाच वर्षांपूर्वी मला हे माहीत नव्हतं असं मात्र नाही. माहीत असूनही मी गप्प राहिलो, आणि नंतर खोटं बोललो. त्याबद्दलच लिहायला बसलो आहे.

नाशिकला ठिबक सिंचनाची जोडणी करून देणाऱ्या एका दुकानात मी सत्तावीस वर्षं काम करतो. दिंडोरी, निफाडकडच्या द्राक्षबागांमध्ये नळ्या टाकायच्या, जोड बसवायचे, फिल्टर साफ करायचे. या कामात खिशातलं हत्यार दिवसातून शंभरदा बाहेर निघतं. माझ्या जोडीला गेली बारा वर्षं एकच माणूस आहे. हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावरचा. तो आला तेव्हा चर खणायला आला होता. दोन वर्षांत माझ्यापेक्षा चांगला फिटर झाला. जमिनीचा उतार तो नुसता बघून सांगतो आणि नंतर मोजलं तर तेवढाच निघतो. मला तो भाऊ म्हणतो, मी त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा आहे म्हणून.

त्या वर्षी खंडेनवमीला आमच्या गोडाऊनमध्ये नेहमीसारखी हत्यारांची पूजा होती. पोत्यावर नट आवळायचे पाने, करवती, पंचिंग मशीन, सगळं मांडलेलं. मी नुकतंच नवं मल्टीटूल घेतलं होतं. जुनं मी सगळ्यांसमोर जोडीदाराच्या हातात दिलं. म्हटलं, आता हे तुझं. मालकांनी कौतुक केलं, कामावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्याने ते कपाळाला लावलं. स्वतःचं असं मल्टीटूल त्याच्याकडे तोवर नव्हतं. तो माझंच मागून वापरायचा.

नवं का घेतलं होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. जुन्याने पत्र्याचे डबे उचकटून उचकटून त्याची लॉकची पट्टी झिजली होती. दोनदा पातं माझ्याच हातात मिटलं होतं. एकदा हातमोजा कापला, एकदा नशिबाने बोट बाजूला होतं. त्या दिवशी पूजेच्या पोत्यासमोर उभा असताना हे माझ्या मनात आलं होतं. अगदी स्पष्ट आलं होतं. पण सगळे बघत असताना 'याचं लॉक धड नाही, जपून वापर' असं म्हटलं असतं तर भेटीची शोभा गेली असती. नंतर एकटा भेटला की सांगू, असं ठरवलं. नंतर तो दसऱ्याला गावी गेला.

गावी त्याच्या बायकोने त्या मल्टीटूलची पूजा केली. कोयता आणि विळ्याच्या शेजारी ते पाटावर ठेवलं, त्याची सगळी पाती उघडली, आणि कुंकू पाण्यात कालवून प्रत्येक पात्यावर बोटाने ओढलं. हे त्यानेच मला परत आल्यावर हसत सांगितलं. बाईने एक पातं सोडलं नाही म्हणाला, ओपनरला पण कुंकू. तेव्हा आम्ही दोघंच होतो. मी सांगितलं नाही. छाटणीचे दिवस सुरू झाले होते, कामाची घाई होती. हे कारण आहे, सबब म्हणून मला ते आता पुरत नाही.

पंधरा दिवसांनी एका बागेत तो फिल्टरच्या तळाशी साचलेला क्षार पात्याच्या टोकाने खरवडत होता. जोर दिला आणि पातं मिटलं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर. आत वाकवणारी शीर तुटली.

डॉक्टरांनी ती शिवली, चांगली शिवली, आणि आधीच सांगितलं की बोट पूर्वीसारखं वळेलच असं नाही. ऑपरेशन चालू असताना मी बाहेर बाकावर बसून होतो. त्याचं मल्टीटूल माझ्याकडे होतं. नळाखाली धरून मी ते धुतलं. लॉकच्या फटीतून लाल पाणी आलं. मला वाटलं रक्त आहे. मग फटीत पिन घातली तर सुकलेल्या कुंकवाची खपली निघाली.

मला तेव्हा जे वाटलं ते लिहायला लाज वाटते. मला सुटल्यासारखं वाटलं.

मालक आले तेव्हा मी त्यांना ती खपली दाखवली. म्हटलं, लॉकमध्ये कुंकू अडकलं होतं, त्यामुळे पट्टी बसली नाही. मालकांनी मान हलवली. तोवर हरसूलच्या एसटीने त्याची बायको येऊन पोचली होती आणि मालकांच्या मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं. त्या माउलीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या तळहातावरच्या खपलीकडे. पदराच्या टोकाला हात पुसत राहिली, जणू हाताला अजून काही लागलेलं आहे.

त्याचं बोट आता अर्धं वळतं, त्याहून जास्त नाही. बाकीची मूठ मिटली तरी ते पुढेच राहतं. तो त्यावरही विनोद करतो. कुणाशी भांडण नसताना मी बोट दाखवत असतो म्हणतो. मल्टीटूल मात्र त्याने परत मागितलं नाही आणि मी दिलं नाही. माझ्या कपाटात एका डब्यात ते पडून राहिलं. गोडाऊनमध्ये मालकांनी नियम केला की पूजेला हत्याराला फक्त फूल वाहायचं, हळदकुंकू नाही. माझं एक वाक्य असं नियम होऊन बसलं, आणि दर खंडेनवमीला मी त्या नियमाच्या पूजेला हात जोडून उभा राहिलो.

या वर्षी पूजेनंतर आम्ही दोघं चहा पीत होतो. मी सहज विचारलं, घरी पूजा कोण करतं. त्याने सांगितलं, बहीण येते शेजारच्या पाड्यावरून. बायको हत्याराला हात लावत नाही. विळा हातात घेते तो गवत कापायला, पण पूजेला नाही. त्याने मोटरसायकल घेतली तेव्हा तिलासुद्धा तिने कुंकू लावलं नाही, नणंदेला निरोप धाडला. तो म्हणाला, तिला पात्याची भीती बसली असेल.

त्याला खरंच तसं वाटत होतं. मला मात्र तो पदराला पुसलेला हात आठवला आणि मी कप खाली ठेवला.

इथे मी लगेच उठून खरं सांगायला हवं होतं. मी तसं केलं नाही. मी आधी प्रयोग करायचं ठरवलं. मनात आशा ही होती की कदाचित खरंच कुंकवानेच लॉक सुटलं असेल, आणि मी पाच वर्षं उगीच जिवाला लावून घेत असेन.

मी पाच मल्टीटूल जमवली. एक माझं आताचं. एक शालिमारजवळच्या पदपथावर घेतलेलं, काळ्या पिशवीतलं, हातात घेतल्यावरच सांधे वाजणारं. एक शेजाऱ्याचं लाल दांड्याचं. तो गडकिल्ले फिरतो आणि ते देताना त्याने तीन वेळा परत कधी देणार ते विचारलं. एक मेव्हण्याचं, तो ओझरला कारखान्यात आहे. त्याचं मल्टीटूल अठरा वर्षांचं, पण दर रविवारी पुसून तेल दिलेलं, उघडलं की आवाज न करता पट्टी जागेवर. आणि पाचवं ते कपाटातलं.

बायकोने गॅलरीत उन्हाला ठेवलेली उघडी पाती पाहिली आणि विचारलं, "कुठे दरोडा घालायचा बेत आहे?" मी तिला सगळं सांगितलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण ही गोष्ट मी तिलाही सांगितली नव्हती. ती ऐकून उठली. मग आत गेली आणि देवघरातलं कुंकू एका वाटीत आणून माझ्यापुढे ठेवलं.

दोन रविवार मी तेच करत होतो. कातड्याचा मोजा घालून, बोटं पात्याच्या वाटेत येऊ न देता दांडा धरायचा, आणि उघड्या पात्याची पाठ पाटावर दाबायची. आधी स्वच्छ करून दहा वेळा, मग कुंकू कालवून लावून, उन्हात सुकवून दहा वेळा. मेव्हण्याचं एकदाही सुटलं नाही. त्यात कुंकू मुद्दाम ठासून भरलं, तरी पट्टीने ते बाजूला ढकललं आणि जागा धरली. लाल दांड्याचंही टिकलं. माझं टिकलं. पदपथावरचं एकदा सुटलं, तेही स्वच्छ असताना.

शेवटी कपाटातलं घेतलं. रॉकेलने धुतलं, दात घासायच्या ब्रशने फट घासली, आत कणही नाही याची खात्री केली. तिसऱ्या दाबाला ते मिटलं. परत उघडलं, परत मिटलं. भिंगातून पाहिलं तर पट्टीचं टोक झिजून गोल झालं होतं.

कुंकवाचा काही संबंध नव्हता. असलाच तर एवढाच की ते तिथे होतं आणि माझ्या हाताला लागलं.

पुढच्या रविवारी मोटरसायकलने निघालो. गिरणारे मागे टाकलं, वाघेऱ्याचा घाट चढलो. पाचही मल्टीटूल जेवणाच्या डब्यात होती, बायकोने कापडात गुंडाळून दिलेली. भात कापून झाला होता. जोडीदार आणि त्याची बायको खळ्यावर होते. मला बघून तो आनंदाने पुढे आला. सुट्टीच्या दिवशी मी कधी त्याच्याकडे गेलो नव्हतो. तिने सुपातलं धान्य खाली ठेवलं आणि पाणी आणलं.

पाणी प्यायच्या आधी मी सांगितलं. प्यायलो असतो तर धीर गेला असता. लॉक झिजलंय हे मला देण्याच्या आधीपासून माहीत होतं, दोनदा माझ्या हातात सुटलं होतं, मी बोललो नाही, आणि दवाखान्यात कुंकवाचं नाव घेतलं ते स्वतःला वाचवायला. असं एका दमात सांगितलं. तिच्याकडे बघून सांगायचं ठरवलं होतं, पण निम्मं जमिनीकडे बघून सांगितलं.

जोडीदार थोडा वेळ काड्या मोडत बसला. मग तो जे बोलला ते मी अपेक्षिलं नव्हतं.

"लॉक ढिलं व्हतं ते मला बी ठावं व्हतं, भाऊ. पहिल्या आठवड्यातच कळलं."

मी विचारलं, मग बोलला का नाहीस. तो म्हणाला, तुम्ही चार लोकांत मानाने दिलेलं. त्याला नाव कसं ठेवायचं. आणि नंतर तुम्ही कुंकू म्हणालात, तर म्हटलं असू दे, भाऊंना वाईट वाटायला नको.

म्हणजे मी त्याच्यापासून लपवत होतो आणि तो माझी लाज राखत होता. एकमेकांचा मान ठेवत आम्ही दोघं पाच वर्षं एका फिल्टरवर वाकून काम केलं. त्याचा दोष कुणाच्या वाट्याला गेला ते दोघांनाही दिसलं नव्हतं.

तिला दिसलं होतं. ती तांब्या हातात घेऊन उभीच होती.

"तुमी दोघांला बी ठावं व्हतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "नि मी पाच वरीस माझ्या हाताला दोष देत बसले. नणंदेच्या पाया पडून तिला बोलवत व्हते दर दसऱ्याला. ती पण इचारायची, तुझ्या हाताला काय झालंय. काय सांगू?"

जोडीदार म्हणाला, मला वाटलं तुला भीती वाटते. ती म्हणाली, "इचारलं व्हतं का कवा?" त्याने विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, वहिनी, चूक माझी आहे, त्याची नाही. तिने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग डब्याकडे हात केला आणि विचारलं यात काय आहे. मी पाचही मल्टीटूल कापडावर मांडली आणि प्रयोगाचं सांगितलं. ती म्हणाली, सांगू नका, करून दाखवा. आणि तुमचं कुंकू नको, माझं.

ती घरात जाऊन तिची कुंकवाची डबी आणि वाटीत पाणी घेऊन आली. वाटीत कुंकू कालवलं. पहिल्या पात्यापाशी तिचं बोट थांबलं. आम्ही दोघं दुसरीकडे बघू लागलो. मग तिने एकेक पातं रंगवलं, सावकाश, ओपनरसुद्धा सोडला नाही. पाटावर उन्हात ठेवून ती परत सूप घेऊन धान्य पाखडायला बसली. अर्धा तास ती पाखडत राहिली. आम्ही दोघं सावकाराच्या दारातल्या कर्जदारांसारखे एका खाटेवर बसून होतो. तिला काय हवं ते तिनेच सांगायचं.

कुंकू सुकल्यावर जोडीदाराने तिच्या हाताला गोणपाट गुंडाळलं, कसं धरायचं ते दाखवलं. तिने स्वतः दाबलं. भात कांडणारे हात. मी दिलेल्या जोरापेक्षा तिचा जोर जास्त होता. मेव्हण्याचं टिकलं, लाल दांड्याचं टिकलं, माझं टिकलं. पदपथावरचं दुसऱ्यांदा सुटलं तेव्हा तिने ते बाजूला फेकलं. कपाटातलं शेवटी. ते तिने आधी धुऊन घेतलं. स्वच्छ, कोरडं. दाबलं आणि मिटलं. परत उघडलं. परत मिटलं. असं तिने पाच-सहा वेळा केलं, जणू तिला त्याचा आवाज पाठ करायचा होता.

"मंग माझा हात बरा व्हता," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. तिने गोणपाट सोडलं.

जेवायला तिने वाढलं. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, वर लसणाची चटणी. माझ्या ताटात भाकरी टाकताना म्हणाली की राग गेलेला नाही, पण उपाशी घाट उतरू नका. मी आयुष्यात पुष्कळ जणांच्या घरी जेवलो आहे. एवढ्या कृतज्ञतेने कुठे जेवलो असेन असं आठवत नाही. चटणी इतकी झणझणीत होती की डोळ्यांतल्या पाण्याचं कुणी काही विचारलं नाही.

मी निघताना तिने दोन गोष्टी ठरवल्या. ते मिटणारं मल्टीटूल परत शहरात जाणार नाही. आणि मी दवाखान्यात जे चार लोकांत बोललो, ते चार लोकांतच पुसायचं. गोडाऊनमध्ये, मालकांसमोर. मी कबूल केलं. तिने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "तुमचं काय, तिथं गेल्यावर पुन्हा घाई असंल." बोलणं टोचणारं होतं आणि बरोबर होतं.

सोमवारी सकाळी आठला सगळे गोडाऊनमध्ये असतात, गाडी भरायच्या आधी. मालक बिलं बघत होते. मी जोडीदाराला म्हटलं, आत्ताच सांगतो. तो म्हणाला थांबा, आणि खिशातून फोन काढला. नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला, पडदा बाहेरच्या बाजूला. मी विचारलं हे काय. तो म्हणाला, तिचा हुकूम आहे, ऐकणार म्हणते. पोरं हसू लागली, कारण त्यांना अजून काही माहीत नव्हतं.

मी सांगितलं. या वेळी जमिनीकडे न बघता. लॉक झिजलेलं होतं, मला माहीत होतं, कुंकवाचा दोष नव्हता, पूजा करणाऱ्या हाताचा तर नव्हताच. बोलताना माझं लक्ष त्या खिशातल्या फोनकडे जात होतं. मालकांनी बिलं खाली ठेवली. त्यांचा चेहरा कठोर झाला आणि तसाच राहिला. नंतर आठवडाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले, ते मला मान्य आहे. त्यांनी सगळ्यांना आपापली मल्टीटूल बाहेर काढायला लावली. टेबलाच्या कडेवर दाबून एकेक तपासलं. तीन बाद निघाली. त्यातलं एक मालकांचं स्वतःचं होतं.

फक्त फूल वाहायचा नियम काढून टाकतो, असं ते म्हणाले. मग खिशाकडे वाकून, थोडं ओशाळून, त्यांनी विचारलं की वहिनी, ऐकू आलं का सगळं.

फोनमध्ये कोंबडा ओरडला. मग तिचा आवाज आला.

"आलं. आता कामाला लागा, ऊन चढतंय."

जोडीदाराने फोन बंद केला. आम्ही नळ्यांची वेटोळी उचलली, एका बाजूने तो, एका बाजूने मी, आणि गाडीत टाकू लागलो.